‘हामारु’ : अडकणे की वेड लागणे?

प्रश्न : जपानी ‘हामारु’ या क्रियापदाचे ‘नेमके बसणे’ आणि ‘खड्ड्यात अडकणे’ हे अर्थ मला ठाऊक आहेत, मात्र ‘शोगी नि हामात्ते इरु’ या वाक्यात, बुद्धिबळासारख्या त्या खेळात अडकल्याची तक्रार मुळीच दिसत नाही. मग येथे कोणता अर्थ घ्यावा?

प्रतिसाद १ : ‘शोगीचे वेड लागले आहे’ असाच घ्यावा. ‘मिझो नि हामारु’ म्हणजे गटारात पाय अडकणे, ‘वाना नि हामारु’ म्हणजे सापळ्यात सापडणे, आणि त्याच धर्तीवर, बाहेर पडावेसेच वाटू नये इतकी गोडी लागणे हाही अर्थ रूढ आहे. ‘-ते इरु’ या रूपामुळे ती अवस्था अजून चालू असल्याचे कळते.

प्रतिसाद २ : सकर्मक ‘हामेरु’ मात्र जपून वापरावे. अंगठी बोटात घालण्यासाठी ते योग्यच आहे, पण कर्म माणूस असेल, तर त्याला कारस्थान करून फसवले असा अर्थ होतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. दारूच्या व्यसनासाठीही ‘हामारु’च वापरतात का?

प्रतिसाद १ : तेथे ‘साके नि ओबोरेरु’ अधिक शोभते. ‘ओबोरेरु’ म्हणजे मुळात बुडणे. त्यात ‘हामारु’मधील खेळकरपणा नाही, निषेध आहे.