मदत हवी आहे: भाच्याची कड्यांवर चढायची ओढ वळणावर कशी आणावी?

भाचा १९ वर्षांचा आहे, नाशिकला शिकतो. ऐन पावसाळ्यात हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या कातळ पायऱ्या सोडून बाजूच्या शेवाळलेल्या कड्यावरून दोराशिवाय चढतो. एकटा असला की जपून पाय टाकतो. मित्रांनी मोबाइल धरला की एका हाताने खोबणीला लटकतो. मी तो व्हिडिओ पाहिलाय, खाली नुसतं धुकं.

रागावून झालं, बाईकची चावी काढून घेतली, अपघातांच्या बातम्या दाखवल्या. फरक शून्य. चढाईच्या सरावाच्या कृत्रिम भिंतीवर नेलं, तर "पडायची भीतीच नाही, मग मजा काय?" म्हणाला. त्याच्या बाजूने सांगायचं तर अंगात ताकद आहे, आणि कड्यावरून उतरल्यावर तो जितका शांत असतो तितका एरवी कधीच नसतो. म्हणून चढणं बंद करायचं नाहीये.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स मनात आहे, पण त्याला जवळजवळ महिना लागतो आणि कॉलेज बुडवता येणार नाही. कृपया "समुपदेशकाकडे न्या" एवढंच सांगू नका, तो येणार नाही.

प्रस्तरारोहण शिकलेल्यांना विचारतो: नाशिक-पुणे भागात हिवाळ्यात शनिवार-रविवारी दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), बिले (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) नीट शिकवणारं कोण आहे? आणि शिकल्यावर अशी मुलं खरंच सावध होतात, की जास्तच धीट?