मदत हवी आहे: नामिबियात सात रात्री, वाळवंट ते अटलांटिक, सोबत ६९ वर्षांची आई

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई, धाकटा भाऊ आणि मी नामिबियाला जातोय. विमानाची तिकिटं काढून झाली, व्हिसाचंही मार्गी लागलं. विंडहूकला उतरायचं आणि तिथूनच परत, मधे सात रात्री. गाडी भाड्याने घेऊन स्वतःच चालवणार आहोत, भाऊ आणि मी आलटूनपालटून. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, त्यामुळे ती एक धास्ती नाही. आराखडा जवळजवळ तयार आहे, पण काही ठिकाणी घोडं अडलंय. तिकडे जाऊन आलेल्यांनी, किंवा वयस्कर माणसांना घेऊन वाळवंटात फिरलेल्यांनी जरूर लिहा.

आधी आईबद्दल सांगते, कारण सगळा बेत तिच्यासाठी आहे. तिने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "समुद्र शेजारी असून वाळवंट कसं?" हा तिचा दरवर्षीचा प्रश्न. फळ्यावर आफ्रिका काढायची आणि डाव्या कडेने खालून वर जाणारा निळ्या खडूचा बाण. बेंग्वेला प्रवाह. पाणी थंड, म्हणून त्याला टेकलेली हवा खालून गार होते, जड होते, वर चढतच नाही. वर चढली नाही तर पावसाचा ढग कुठून येणार? पण त्या हवेतली ओल कुठे जात नाही, ती धुकं होऊन किनाऱ्यावर येते आणि वाळूवर पसरते. मी तिच्याच वर्गात होते, त्यामुळे हे अजून तोंडपाठ आहे. तो बाण काढून काढून तिच्या खडूच्या डब्यात निळा खडू कायम बुटका असायचा.

ते धुकं तिने स्वतः कधी पाहिलेलं नाही. आता तिची मागणी एवढी एकच आहे. हत्ती-सिंह दिसले नाहीत तरी चालतील म्हणाली.

दुसरं म्हणजे, तीन वर्षांपूर्वी तिला एका प्रवास कंपनीबरोबर वाळवंटाच्या सहलीला पाठवलं होतं. सहा दिवसांत पाच हॉटेलं. तिच्याकडे लहान काचेच्या बाटल्या असतात, जिथे जाईल तिथली माती भरून वर चिठ्ठी चिकटवते. त्या सहलीत सूर्यास्ताच्या जागी गाडीने दहा मिनिटं दिली. चपला काढून, बसून वाळू भरेपर्यंत हाका सुरू झाल्या. ती अर्धी भरलेली बाटली आमच्या कपाटात तशीच आहे. त्यामुळे या वेळी माझं पक्कं ठरलंय की ठिकाणं कमी झाली तरी चालतील, पण आईला कुठूनही उठवायचं नाही.

आता आराखडा. पहिला दिवस विंडहूकलाच. विमानतळ शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांब आहे, गाडी ताब्यात घ्यायला वेळ जातो, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच खडीच्या रस्त्यावर निघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सेसरीम, वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक तिथेच आहे. साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर, सगळे म्हणतात पाच तास धरा. रेहोबोथपर्यंत डांबरी, पुढे खडी. भावाला स्प्रीट्सहूख्त घाटातून उतरायचंय, कारण वरून सगळं नामिब वाळवंट एकदम पायाखाली दिसतं. मी वाचलंय की तो तिथला सर्वांत तीव्र उताराचा घाट आहे, ट्रेलर लावलेल्या गाड्यांना बंदी आहे, आणि उभ्या चढावर म्हणूनच रस्त्याला फरसबंदीचे ठोकळे बसवलेले आहेत. उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश गेलं तर नवख्याला जमतो का? की शेजारच्या रेम्हूख्त घाटाच्या बाजूने जावं?

तिसरा दिवस सोसुसफ्ले आणि डेडफ्ले, म्हणजे वालुकागिरींमधली (वाळूच्या उंच टेकड्यांमधली) कोरडी मातीची तळी. इथे दोन रात्री धरल्यात. उद्यानाचं बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं, पण आतल्या मुक्कामात राहणाऱ्यांना तासभर आधी सोडतात, म्हणून आतलीच जागा घेतली, थोडी महाग पडली तरी. सेसरीमपासून साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पंचेचाळिसाव्या किलोमीटरला ती प्रसिद्ध वाळूची टेकडी, ड्यून ४५. ती चढायचा आईचा विचार नाही, खाली खुर्ची टाकून बसणार आहे. डेडफ्ले मात्र तिला चुकवायचं नाहीये. त्साउखाब नदीचं पाणी एके काळी तिथवर पोचत होतं, मग वालुकागिरींनी वाट अडवली, बाभळीच्या जातीची झाडं वाळली, आणि हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंच नाही. सहाशे-सातशे वर्षं ती काळी खोडं पांढऱ्या मातीवर उभी आहेत. हे ती मला सांगते तेव्हा ती झाडं तिने लावली असावीत असं वाटतं.

अडचण शेवटच्या टप्प्याची आहे. डांबरी रस्ता संपल्यावर चार-पाच किलोमीटर खोल वाळू, तिथे फोर बाय फोरच (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी) लागते, किंवा गाडी उभी करून उद्यानाच्या शटलने जायचं. त्यानंतरही डेडफ्लेपर्यंत वाळूतून एक किलोमीटरच्या वर चालणं आहे, आणि तेवढंच परत. गुडघ्याला पट्टा आणि दोन काठ्या घेऊन, सकाळी वाळू गार असताना, मधे दोनदा बसून, जमेल ना? ज्यांनी आई-वडिलांना नेलंय त्यांनी खरं खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

यातूनच गाडीचा प्रश्न निघतो. आम्ही दोघांनीही खोल वाळूत कधी गाडी घातलेली नाही. टायरमधली हवा कमी करायची, वेग सोडायचा नाही, वळताना चाक एकदम फिरवायचं नाही, एवढं पुस्तकी ज्ञान आहे. फक्त त्या चार-पाच किलोमीटरसाठी फोर बाय फोर घ्यावी, की उंच टू बाय फोर (दोनच चाकांना ताकद मिळणारी) घेऊन तिथे शटल पकडावी? माझा कल शटलकडे आहे. आई मागे बसलेली असताना मला वाळूत फसायचं नाही.

चौथा दिवस किनाऱ्याकडे. सेसरीम ते सॉलिटेअर ऐंशीच्या आसपास किलोमीटर, तिथे पेट्रोल भरून घ्यायचं, मग सी१४ या रस्त्याने गाउब आणि कुइसेबचे घाट ओलांडून वॉल्विस बे, आणि तिथून स्वाकोपमुंड. वाटेत मकरवृत्ताची पाटी लागते! आईने तिच्या नकाशावर तिथे आधीच पेन्सिलने टिंब केलंय. पाटीपाशी गाडी नीट बाजूला घेता येते का, एवढंच विचारायला सांगितलंय तिने.

स्वाकोपमुंडला तीन रात्री. हे मुद्दाम केलंय. धुकं काही आपल्या तारखा बघून येत नाही, तीन सकाळी हातात असल्या तर एक तरी साधेल. पाचव्या दिवशी सँडविच हार्बर, जिथे वालुकागिरी सरळ अटलांटिकमध्ये उतरतात. तिथे स्वतःच्या गाडीने जायचा प्रश्नच नाही, माहीतगार चालकाबरोबरच जाणार. सहावा दिवस मोकळा. वॉल्विस बेच्या खाडीवर रोहित पक्षी, जमलं तर स्वाकोप नदीच्या बाजूला वेलविचिया. त्या झाडाला जन्मभर दोनच पानं असतात, तीच फाटत, झिजत, वाढत राहतात, आणि काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. ते बघायला परवाना लागतो, तो स्वाकोपमुंडला मिळतो असं कळलंय.

सातव्या दिवशी डांबरी बी२ ने विंडहूक, साडेतीनशेच्या वर किलोमीटर. आठव्या दिवशी सकाळी विमान.

भावाचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन एटोशाचं अभयारण्य नाही म्हणजे काय? नाहीतर निदान दक्षिणेला ल्युडेरिट्झजवळचं कोलमन्सकोप तरी, जिथे १९०८ मध्ये हिरे सापडले म्हणून गाव वसलं आणि १९५६ पर्यंत रिकामंही झालं, आता घरांत वाळू शिरलीय. मलाही ती वाळू भरलेली घरं बघायची आहेत, खोटं कशाला बोलू. पण नकाशावर मोजलं तर दोन्हींतलं काहीही घातलं की किनाऱ्यावरच्या तीन रात्रींतल्या दोन जातात, शिवाय एक अख्खा दिवस गाडीत. त्यातून तिथे अंधारात गाडी चालवू नये असं सगळेच बजावतात, कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात, आणि आमच्या गाडीच्या करारातही सूर्यास्तानंतर शहराबाहेर विमा लागू नाही असं कलम आहे. सप्टेंबरअखेर सातच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे रोज पाचपर्यंत मुक्कामी पोचायचं हे धरूनच अंतरं मांडायला हवीत. मी भावाला नाही म्हटलंय. कोणाला वाटत असेल की मी चुकतेय, तर कारणासह सांगा.

कराराचं निघालंच आहे तर: टायर आणि काच यांचा विमा वेगळा घ्यावा लागतोय, आणि वाळूने, पाण्याने किंवा खालून झालेलं नुकसान कशातच बसत नाही. टायर-काच घेऊन टाकतेय. दोन जादा टायर मागावेत का?

भर (दोन दिवसांनी):

इतक्या जणांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून दोन प्रतिसाद पुन्हा स्वतः वाचले.

ठरलेल्या गोष्टी लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडतील. शटलच. जादा टायर दोन, आणि खडीवर ऐंशीच्या वर जायचं नाही. घाट रेम्हूख्तचा, भाऊ जरा हिरमुसला पण तयार झाला. डेडफ्लेला पहिल्या शटलने निघायचं, घडीचं स्टूल बरोबर न्यायचं, आणि आईचा पाय म्हणेल तिथून मागे फिरायचं. ही अट तिने स्वतःहून घातली.

सँडविच हार्बरबद्दल ज्यांनी भरती-ओहोटीचं लक्षात आणून दिलंत त्यांचे विशेष आभार, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ओहोटीला गाड्या वालुकागिरी आणि पाणी यांच्यामधल्या पट्टीवरून जातात, भरतीला ती पट्टीच उरत नाही. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "अगं, आपल्या आठवड्यात पौर्णिमा आहे, म्हणजे उधाण. भांगाची भरती असती तर वेगळं." (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.) आता तिथल्या चालकाला भरतीच्या वेळा विचारूनच पाचवा की सहावा दिवस ते ठरवेन. टेकड्यांवरून गाडी उतरते तेव्हा पाठीला चांगलेच हिसके बसतात असं तिघांनी लिहिलंय. आईला पुढच्या सीटवर बसवून, उतार टाळून नुसतं किनाऱ्याने नेतील का, हेही विचारते.

केप क्रॉसच्या सीलबद्दल बऱ्याच जणांनी सुचवलं. १४८६ च्या सुमारास दियोगो काओ या पोर्तुगीज दर्यावर्दीने तिथे दगडी क्रूस उभारला, हे आईला माहीत होतं, सीलची वसाहत एवढी मोठी आहे हे नव्हतं. पण स्वाकोपमुंडपासून सव्वाशे किलोमीटर जाऊन तेवढंच परत, आणि त्या किनाऱ्यावरचे मिठाचे रस्ते धुक्याने ओले झाले की घसरतात, असं एकाने लिहिलंय. ज्या सकाळी आम्हाला धुकं हवंय त्याच सकाळी त्या रस्त्यावर जायचं नाही. तेव्हा केप क्रॉस यादीतून काढलं.

आता एकच प्रश्न उरलाय, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा आहे. वॉल्विस बे ते स्वाकोपमुंड हा तीसेक किलोमीटरचा रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वालुकागिरी असा जातो. या पट्ट्यात अशी जागा कोणाला माहीत आहे का, जिथे उजाडायच्या सुमारास गाडी सुरक्षित उभी करता येईल, वाळू दहा-वीस पावलांवर असेल, आणि आई खुर्ची टाकून दोन-तीन तास बसू शकेल? धुकं समुद्राकडून येताना आणि मग उन्हं वर आल्यावर विरताना, दोन्ही तिला बघायचंय. लांगस्ट्रांडच्या आसपास आहे असं एकाने ओझरतं म्हटलंय. नेमकी जागा, रस्त्याची कुठली बाजू, आणि तिथे सकाळी इतर माणसं असतात का, एवढं कोणी सांगितलं तर फार बरं होईल. बाटलीवर लावायची चिठ्ठी तिने लिहून ठेवलीय, जागेचं नाव तेवढं मोकळं सोडलंय.