मदत हवी आहे: थर्मल ड्रोनमध्ये वणवा ओळखू येत नाही

डोंगरवेडा: मंडळी, तातडीने सांगा. आमच्या साताऱ्याकडच्या डोंगराला दर उन्हाळ्यात वणवा लागतो. यंदा वर्गणी काढून थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला, तर स्क्रीनवर सगळा डोंगरच पांढराफटक! सेटिंग काय ठेवू? काल पुन्हा धूर दिसलाय.

पक्कड: किती वाजता उडवता? किती उंचीवरून? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ सांगावी लागते हो.

जुनाजाणता: ड्रोन हवाय कशाला? भारतीय वन सर्वेक्षणाकडे नंबर नोंदवा. उपग्रहाला आग दिसली की मोबाइलवर मेसेज. फुकट.

रानवाटा: काका, त्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३७५ मीटर. तो डोक्यावरून जातो दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, दीडच्या आसपास. संध्याकाळी पाचला कुणी काडी टाकली तर मेसेज येईतो डोंगर काळा.

जुनाजाणता: आणि तुमची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, त्याचं काय?

डोंगरवेडा: भांडू नका. दुपारी दोन-तीनला, १२० मीटरवरून. सेन्सर ६४० बाय ५१२ पिक्सेलचा.

पक्कड: दुपारी? मग बरोबर आहे. उन्हात काळा कातळ हात लावू देत नाही, आणि ऑटोवर कॅमेरा समोरचं जे सर्वांत गरम ते पांढरं दाखवतो, मग आग असो वा दगड. गेन, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 'लो'वर टाका; आयसोथर्म, म्हणजे ठरावीक तापमानाच्या वरचं तेवढं वेगळ्या रंगात दाखवणारी सोय, १५० अंशांना लावा. आणि उजाडायच्या आत उडवा, तोवर कातळ निवतो. धुराआडचं दिसेल, दाट पानांखालचं नाही.

रानवाटा: १५० फार होतात. एवढ्या उंचीवरून एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, जमिनीवरच्या दहा-बारा सेंटिमीटरचा. राखेखालचा लिंबाएवढा निखारा आजूबाजूच्या थंड मातीत मिसळून बराच कमी दाखवणार. पहाटे ६० लावा. विझलेल्या पट्ट्यावरून तर नक्कीच. धुमसणारं खोडच दुपारच्या वाऱ्याला पुन्हा पेटतं.

पक्कड: ६० ला गोठ्यावरचा पत्राही आग म्हणून दाखवेल.

रानवाटा: पहाटे? पत्रा?

चाळकरी: याच कॅमेऱ्याने स्लॅबची गळती सापडते का? भाड्याने मिळेल?

माळरान: मुळात गवत चांगलं येतं म्हणून काडी लावणाऱ्यांशी बोला आणि दिवाळीनंतर जाळपट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) काढा. बाकी तो डोंगर अभयारण्यात येतो का? वन विभागाची परवानगी घेतलीत ना?

डोंगरवेडा: अर्धा येतो. परवानगी लागते?