जगाच्या बातमीला सोलापूरची ठिगळं कशाला?

पूर्वभागकर:
२०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. आपल्याकडं मी वाचलेली बातमी काय, तर ‘सोलापूरच्या टॉवेलला फटका’. खाली एका पदाधिकाऱ्याचं निवेदन, तीन ओळी, खलास. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाऊन कुणी विचारलं का, ऑर्डर रद्द झाली की नुसती लांबली? माग एका पाळीवर आले का? शनिवारच्या पगारात किती कमी पडले? एवढं जमत नसेल तर एजन्सीची कॉपी जशीच्या तशी लावा. खोटा आव तरी नको.

शेंगाचटणी:
कायकी ओ, घरी बसून बोलायला सोपं आहे. मी दहा वर्षं तालुक्याचा वार्ताहर. छापून आलेल्या बातमीमागं मोजून पैसे, पेट्रोल आपलंच. ज्या कारखानदाराला ‘ऑर्डरीचे कागद दाखवा’ म्हणायचं, त्याच्याच दिवाळीच्या जाहिरातीवर माझं कमिशन. विचारतो की मग, पण हळू आवाजात.

जुना उपसंपादक:
हळू आवाजात विचारायचं असेल तर लिहूच नका. जाहिरात गोळा करणाऱ्यानं बातमी लिहायची नाही, एवढा साधा नियम आपण कधीच पाळला नाही, मी धरून. आणि प्रत्येक बातमीला स्थानिक कोन जोडायचं वेड पण पुरे. चीनचं काहीही आलं की आम्ही आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो शोधायला पळायचो. ते १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिकडंच वारले. २०२० च्या गलवानच्या चकमकीशी त्यांचा काय संबंध? पण चौकट लावली. मीच.

लेकीची आई:
मुलगी इथंच विद्यापीठात पत्रकारिता शिकतीय. हे वाचून दाखवलं तर म्हणाली, म्हणूनच पुण्याला जाते.

बाळीवेस:
उपसंपादक साहेब, कोन वाईट नाही, आळस वाईट. त्याच ऑगस्टात केंद्रानं कापसावरचा ११ टक्के आयातकर काही काळापुरता उचलला. सूत स्वस्त होईल म्हणून मागवाले खूश, पलीकडं मराठवाड्यातला कापूसवाला हवालदिल. हे दोघं एका बातमीत बसवले कुणी?
आणि बघायचं तर काय बघायचं, सांगतो. एका गोदामात टॉवेलच्या पेट्या छतापर्यंत. प्रत्येक टॉवेलला तिकडच्या दुकानाची डॉलरमधली किंमत आधीच चिकटवलेली. माल अडकला, इथंच विकायचं ठरलं, म्हणून चार बायका बसून नखानं त्या चिठ्ठ्या सोलत होत्या. निम्म्या फाटून डिंकाचा डाग राहायचा, तो टॉवेल वेगळा टाकायचा. ही बातमी होती की नाही?

पूर्वभागकर:
होती! हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून.

शेंगाचटणी:
उद्या जातो. गोदाम कुणाचं? नाव छापलं तर चालेल ना?

बाळीवेस:
नाव नको ओ. मालक आपल्यातलाच आहे.