प्रति: कयाकला डोलकाठी – फायबर नको, टेकू द्या

कयाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीला, शिडाची डोलकाठी बसवायची तर डेक (होडीची वरची बाजू) मजबूत कसा करायचा, हा प्रश्न आहे. आतून फायबरग्लासचे (रेझिनमध्ये भिजवलेलं काचतंतूंचं कापड) दोन थर द्या, असं वर एकाने सुचवलंय. लाकडी होडीला ते चालतं. आपली कयाक पॉलिएथिलीन या प्लास्टिकची. तिला रेझिन, म्हणजे थर चिकटवणारा घट्ट होणारा द्रव, नीट धरतच नाही. मी हा उद्योग करून बसलोय. ऐरोलीच्या खाडीत दुसऱ्याच रविवारी तो थर पापडासारखा सुटून आला, वर पॉलिश पेपरने घासलेले दोन तास गेले ते वेगळेच.

मूळ अडचण प्लास्टिकच्या ताकदीची नाही, लवचिकपणाची आहे. डोलकाठी म्हणजे पहार. शिडात वारा भरला की ती डेक उचकटायलाच बघते. डेकवर नुसता फ्लँज (काठी धरणारी चपटी बैठक) बसवला होता तेव्हा काठी हाताने ढकलली तरी डेक डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर व्हायचा, आणि बोल्टभोवती पांढरे चट्टे उमटले होते.

म्हणून आधार दोन जागी हवा. काठी आत बसेल असा पाइप डेकला आरपार घाला आणि त्याचं बूड हुलच्या (होडीच्या खालच्या अंगाच्या) तळावर टेकवा. बुडाखाली स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून ठेवा, म्हणजे भार पसरेल. डेकच्या खालूनही तसाच तुकडा, स्टेनलेसचे आरपार बोल्ट, रुंद वॉशर. स्क्रू अजिबात नकोत, निघून येतात. भोकं गोलच पाडा, चौकोनी कोपऱ्यातून तडा जातो. फटीला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा; सिलिकॉन या प्लास्टिकला फार काळ चिकटत नाही.

शीड मात्र एक चौरस मीटरच्या आसपासच ठेवा. आणि काठी झटकन उतरवता आली पाहिजे, वाशीच्या पुलाखाली ओहोटीची ओढ कळत नाही तोवर गंमत वाटते.