मिनो पोरांचा कैवारी नव्हता? मला हे पटत नाही

कृष्णाकाठची वकील (सांगली)
काल इथे एकाने लिहिलं: 'न्यूटन मिनो या अमेरिकन वकिलाला उगाच डोक्यावर घेऊ नका. दोन वर्षं सरकारी खुर्चीत बसला, एक भाषण ठोकलं, मग आयुष्यभर बड्या कंपन्यांची वकिली केली. पोरं आईबापांनी सांभाळायची असतात, कायद्याने नाही.' यातलं शेवटचं वाक्य मला फार लागलं. बालकल्याणाच्या प्रकरणांत मी चौदा वर्षं उभी राहतेय आणि प्रत्येक वेळी हेच ऐकते. लेकरू बिघडलं की आईची चूक. ज्याने पैसे कमावले त्याला कुणी विचारतच नाही.

मिनोने नेमकं त्यालाच विचारलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी मंडळाचा, अध्यक्ष केलं तेव्हा त्याचं वय ३५. ९ मे १९६१ ला वाहिन्यांच्या मालकांपुढे तो उभा राहिला आणि म्हणाला, सकाळपासून प्रक्षेपण संपेपर्यंत स्वतःच्या वाहिनीसमोर बसून बघा, तुम्हाला अफाट ओसाड माळ दिसेल. तेवढं एक वाक्य जगाने लक्षात ठेवलं. त्याच भाषणात मुलांबद्दल जे होतं ते विसरलं गेलं. घर, शाळा आणि चर्च हे तिघे मुलाला घडवायचे, आता टीव्ही चौथा आलाय, असं त्याने बजावलं. लोकप्रियतेचे आकडे बघून आईबाप आणि मास्तर वागले असते तर पोरांना रोज आइस्क्रीम आणि रोज सुट्टी मिळाली असती, हेही त्याच भाषणातलं. १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांच्याशी बोलताना हा चौथ्याचा विषय निघाला होता. म्हणजे खुर्ची मिळण्याआधी पाच वर्षं हे त्याच्या डोक्यात होतं.

आणि तो नुसता बोलून थांबला नाही. नवीन टीव्ही संचावर यूएचएफ, म्हणजे वरच्या लहरींच्या पट्ट्यातल्या, वाहिन्याही दिसल्याच पाहिजेत, हा १९६२ चा कायदा त्याच्या काळातला. शैक्षणिक वाहिन्या बऱ्याचशा त्याच पट्ट्यात होत्या, त्यामुळे त्या घराघरांत पोचायची वाट झाली. पुढे १९९५ मध्ये सहलेखकाबरोबर पुस्तक लिहून त्याने मांडलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल करून मुलांची जबाबदारी टाळता येणार नाही. पस्तिसाव्या वर्षी धरलेला मुद्दा माणसाने सत्तरीत सोडला नव्हता. याला 'एक भाषण ठोकलं' म्हणायचं?

हळदवाला
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. तो सीबीएस या बड्या टीव्ही कंपनीच्या संचालक मंडळावर बसला होता, खरं की नाही? ज्यांना माळ म्हणाला त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसला.

तुम्ही कायद्याचं कौतुक करता तर तारखा बघा. भाषण १९६१ चं. मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जाहिराती किती, हे ठरवणारा कायदा आला १९९० मध्ये. एकोणतीस वर्षं! मधल्या काळात रेगन सरकार असताना त्याच कमिशनने १९८४ मध्ये जाहिरातींवरची बंधनं काढूनच टाकली होती. आणि नव्या कायद्यानेही शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा मिनिटं जाहिरातींना परवानगी. हे पोरांचं रक्षण? शैक्षणिक कार्यक्रम दाखवा म्हटल्यावर काही वाहिन्यांनी 'जेटसन्स' हे कार्टून शैक्षणिक म्हणून कागदावर दाखवलं, का तर त्यात भविष्यातलं जग दिसतं. कायद्याची ही गत होते.

आपल्या जिल्ह्यात बघा. मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. ना कायदा, ना दिल्ली, ना वकील. गावातल्या आईबापांनी केलं.

माणदेशी
चर्चा चांगली आहे, पण 'ओसाड माळ' हा शब्द तेवढा बदला. मी माण तालुक्यातला. माळावर आमची मेंढरं जगतात, हुलगा पिकतो, पाऊस झाला की पंधरा दिवसांत गवत गुडघ्याला लागतं. माळ ओसाड नसतो. त्या माणसाला जे म्हणायचं होतं त्याला उकिरडा म्हणा.

आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात हा मिनो अमेरिकन सैन्याच्या सिग्नल तुकडीत आपल्या देशात होता, हिंदुस्थान ते चीन टेलिफोनची तार ओढणाऱ्यांत. त्याच लढाईत अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून साताऱ्याचीही माणसं गेली होती. परका म्हणून त्याला झिडकारू नका एवढंच म्हणणं.

जुना केबलवाला (कराड)
मी १९९४ ते २००९ केबल चालवली. हळदवाले म्हणतात आईबापांनी सांभाळायचं. फेब्रुवारी-मार्चला माझ्याकडे आया यायच्या. 'दादा, पोरगं दहावीला हाय, परीक्षा होईपर्यंत आमची लाइन तोडा.' मी खांबावर चढून त्यांची वायर काढायचो, पैसेही घ्यायचो नाही. एका वर्षी अकरा घरांची काढली होती. चार दिवसांनी बघतो तर त्यातली निम्मी पोरं शेजारच्या घरात, दारात चपला काढून मॅच बघत बसलेली. आईनं काय करायचं सांगा. एका घरानं वायर काढून भागत नाही, हे मी खांबावरून बघितलंय.

आणि माझीही चूक सांगतो. दुपारी चार ते सहा मी पोरांसाठी म्हणून मारामारीचेच पिक्चर लावायचो, कारण तेवढ्यासाठी कनेक्शन वाढायची. मला कुणी जाब विचारला नाही. विचारला असता तर बदललं असतं. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून शाळकरी पोरांसाठी चांगले कार्यक्रम करत होती, ती २०१७ मध्ये बंद पडली तेव्हाही कुणी हू की चू केलं नाही.

कडेगावची सून
वडगावचं नाव निघालं म्हणून लिहिते. ते गाव आमच्यापासून लांब नाही. आमच्या गावात भोंगा नाही, पण गल्लीतल्या चार घरांनी ठरवून सात ते साडेआठ फोन बंद ठेवतो. आणि रोज काय होतं? शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. कधी सव्वासातला, कधी पावणेआठला. माझा मुलगा तिसरीत आहे. फोन उघडल्याशिवाय गृहपाठ कळत नाही, आणि उघडला की तो सुटत नाही.

मागच्या वर्षी बाईंनी कवितेच्या व्हिडिओची लिंक पाठवली. पोरगं मांडीवर, मी चष्मा लावून बोट दाबलं. कवितेच्या आधी जाहिरात लागली, पत्ते खेळून पैसे जिंकायची. आठ वर्षांचं लेकरू मला विचारतं, 'आई, पंचवीस लाख म्हणजे आपलं किती ऊस?' मला उत्तर देता आलं नाही. आता सांगा हळदवाले, मी कुठं चुकले? फोन शाळेनं उघडायला लावला, जाहिरात कंपनीनं दाखवली, आणि संस्कार आईचे काढायचे?

गुरुजी (वाई)
ताई, शाळेवर सगळं ढकलू नका. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. आम्हाला संध्याकाळी सहाला मेसेज येतो, उद्या अकराच्या आत अमुक माहिती भरा, तमुक फोटो टाका. गृहपाठ लिहायला वेळ मिळतो तो घरी पोचल्यावर. शिवाय वहीत दिला तर पालकच म्हणतात ग्रुपवर टाका, आम्हाला कळत नाही. दोन्हीकडून मारच.

कडेगावची सून
गुरुजी, मार तुम्हाला बसतो हे कबूल. पण फळ्यावर चार ओळी लिहून वहीत उतरवून घ्यायला किती वेळ लागतो? आम्ही उतरवून घेत होतो की. मी शाळेत जाऊन विचारलं तर म्हणाले, 'तुम्हाला एकटीलाच त्रास आहे का?' घरी येऊन रडले मी. तुमची माहिती दुपारी मागवा म्हणून तुम्ही वर भांडा, आम्ही तुमच्या बाजूने येऊ. पण आमची संध्याकाळ आम्हाला परत द्या.

गुरुजी (वाई)
वर भांडणं तुम्हाला सोपं वाटतं! भांडणाऱ्याची बदली कुठं होते हे मला माहीत आहे, बारा वर्षं भोगलंय. ...बरं. फळ्याचं पटलं. सोमवारपासून माझ्या वर्गापुरतं मी करतो. बाकीच्यांचं मी बोलू शकत नाही.

हळदवाला
विषय मिनोचा होता, गृहपाठावर कुठं गेला?

कृष्णाकाठची वकील (सांगली)
विषय तिथंच आहे. मिनोचं म्हणणं असं की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या, परवाना म्हणजे विश्वस्तपण, म्हणून जाब वाहिनीला विचारायचा. या ताईंच्या हातातल्या फोनलाही तोच प्रश्न आहे, पत्त्यांची जाहिरात आठ वर्षांच्या पोरापुढे कुणी लावली?

सीबीएसच्या मंडळाचं खरं आहे, आणि ते मलाही खटकतं. कायदा उशिरा आला, त्याला भोकं पडली, हेही खरं. पण ती भोकं दिसल्यावरच १९९६ मध्ये कमिशनने आठवड्याला तीन तास मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांचा दंडक घातला. कायदा पहिल्या फटक्यात पुरा होत नाही, तो मागे लागून नीट करून घ्यावा लागतो. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्यात अठराखालच्यांवर पाळत ठेवून जाहिरात दाखवायला मनाई आहे. तो कडेगावात उतरवायला कुणीतरी मागे लागावंच लागेल.

आणि वडगावचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ते एकेका आईबापाने आपापल्या घरात नाही केलं. बायकांच्या सभेत ठरलं, भोंगा गावाने बसवला, आशाताई आणि अंगणवाडी सेविका दारोदार फिरल्या. गावाने गावासाठी नियम केला. केबलवाल्या दादांची अकरा घरं हरली, वडगाव टिकलं. फरक एवढाच की तिथं शेजाऱ्याचीही वायर बंद होती.

हळदवाला
शेजाऱ्याच्या वायरचा मुद्दा घेतला. माझ्याही पोरीने आजोबांच्या फोनवर तेच केलं होतं, आम्हाला महिनाभर कळलं नाही. तरी दिल्लीच्या कायद्यावर माझा भरवसा नाही, तो आधी गावात दिसू दे. मिनोबद्दल 'एक भाषण ठोकलं' हे शब्द मागे घेतो. सीबीएसचं मागे घेत नाही.

जुना केबलवाला (कराड)
ताई, ते पत्त्यांच्या जाहिरातीचं तारखेसकट लिहून ठेवा. वकीलबाईंना उपयोगी पडेल.

कडेगावची सून
मुलाच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, तारीख आणि वेळ दोन्ही. वकीलबाई, फोटो पाठवते, पण साडेआठनंतर. सातला पाच कमी आहेत, फोन पिठाच्या डब्यामागे ठेवायची वेळ झाली.