डीप पर्पल: ब्लॅकमोरनंतरचं ऐकायचं, की १९९३ लाच थांबायचं?

रिफवेडा:
डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचं 'इन रॉक' ते 'मेड इन जपान' तोंडपाठ आहे. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (१९८४) पण आवडतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये गिटारवादक रिची ब्लॅकमोर ऐन दौऱ्यात सोडून गेला, त्यापुढचं काहीच ऐकलेलं नाही. आता गिटारवर सायमन मॅकब्राइड. मूळ पाचांतला एकटा ड्रमर इयन पेस उरलाय, म्हणजे दुकान नवं आणि पाटी तेवढी जुनी. ऐकण्यासारखं काही असेल तर कुठून सुरू करू?

हॅमंडवाला:
मूळ पाचांचाच हट्ट धरलात तर 'इन रॉक'सुद्धा बाद होतो, राव! १९६८ मध्ये गायला रॉड इव्हान्स होता आणि बासवर निक सिंपर. गायक गिलन आणि बासवाला ग्लोव्हर १९६९ चे.

आणि पर्पलचा आवाज गिटारइतकाच ऑर्गनचा आहे. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन थेट गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे त्याला गिटारसारखी खरखर यायची. 'हायवे स्टार'मध्ये दोघं एकत्र वाजतात तेव्हा कोणता सूर कोणाचा, हे चटकन सांगता येत नाही. माझ्या लेखी खरी फट २००२ ची: लॉर्ड निवृत्त झाला आणि त्याच्या जागी डॉन एअरी आला. ब्लॅकमोरनंतर आलेला गिटारवादक स्टीव्ह मॉर्स, त्याचा पर्पलबरोबरचा पहिला अल्बम 'पर्पेंडिक्युलर' (१९९६) लॉर्ड असतानाचाच. तिथूनच सुरू करा. 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' आधी.

चौथा_सूर:
ऑर्गनचं मान्य, मॉर्सचं नाही. तो प्रत्येक सूर पिकच्या (तारा छेडायच्या चकतीच्या) वर-खाली फटक्याने सुटा आणि सारखा काढतो. सफाई अफाट, पण ब्लॅकमोर ज्या जागा मोकळ्या सोडायचा त्या भरून जातात.

'स्मोक ऑन द वॉटर'चंच घ्या. त्या रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात) चौथ्याच्या, म्हणजे सा-म इतक्या अंतरावरचे दोन सूर आहेत, आणि ब्लॅकमोर पिक न वापरता दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. पिकने मारलं की एक तार आधी, दुसरी कणभर मागून वाजते आणि धार जाते. पॉवर कॉर्डवर (सा-प जोडीवर) वाजवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मॅकब्राइड ब्लूज-रॉकच्या वळणाचा, म्हणून 'इक्वल्स वन' (२०२४) मला जुन्या पर्पलच्या जास्त जवळचा वाटतो.

पेसचा_पंखा:
ब्लॅकमोर होता म्हणजे पर्पल होतं, हे तरी कुठे खरं? 'स्लेव्हज अँड मास्टर्स' (१९९०) ऐका. गिटार त्याचीच, पण गायला जो लिन टर्नर, आणि अख्खा अल्बम ब्लॅकमोरच्या दुसऱ्या बँडचा, रेनबोचा वाटतो.

गिलनचा वरचा आवाज उतरला, हे खरं. 'चाइल्ड इन टाइम' २००२ नंतर मैफलीतून गेलं, आणि बरंच झालं. त्यातल्या किंकाळ्या खालच्या पट्टीत घेऊन काही अर्थ नाही. 'नाऊ व्हॉट?!'पासून (२०१३, निर्माता बॉब एझ्रिन) गाणी त्याच्या मधल्या पट्टीत बसतात. लॉर्ड २०१२ मध्ये गेला. त्याच्या आठवणीतलं 'अबव्ह अँड बियाँड' याच अल्बममध्ये आहे.

हॅमंडवाला:
@चौथा_सूर, मॉर्स मैफलीत ऐकायचा तर एप्रिल १९९५ चं 'बॉम्बे कॉलिंग' बघा. 'पर्पेंडिक्युलर' यायच्या आधीच त्यातली काही गाणी तिथे वाजली आहेत, आणि 'चाइल्ड इन टाइम'सुद्धा आहे. जागा भरल्या की नाही, ते त्यावर ठरवू. 'बनानाज' (२००३) मात्र सर्वांत शेवटी ऐका.